खांद्याच्या ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी: स्लिंगपासून हात डोक्यावर जाईपर्यंत

माझं ऑपरेशन दोन तासांत आटपलं. त्यानंतरचं काम नऊ महिने चाललं. घरी सोडताना हातात जो कागद दिला, त्यात गोळ्यांची यादी होती, टाके काढायला कधी यायचं ते होतं आणि सगळ्यात खाली एक ओळ होती: ‘फिजिओथेरपी सुरू करावी’. कधीपासून, कोणती, किती, कुठपर्यंत, काही नाही. त्या एका ओळीचा अर्थ लावताना मी जी धडपड केली ती तुम्हाला करावी लागू नये, म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या उजव्या खांद्यातलं रोटेटर कफचं फाटलेलं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दुर्बिणीतून शिवलं होतं. त्यामुळे खालचं बरंचसं त्या ऑपरेशनबद्दल आहे. तुमचं ऑपरेशन वेगळं असेल तर पहिली पायरी नीट वाचा आणि बाकीचं तुमच्या सर्जनना विचारून मगच करा.

१. तुमच्या खांद्यात नेमकं काय केलंय, ते आधी समजून घ्या

खांद्याचा चेंडू मोठा आणि खोबण उथळ असते. म्हणून हा सांधा शरीरातल्या कुठल्याही सांध्यापेक्षा जास्त फिरतो आणि म्हणूनच तो हाडांपेक्षा स्नायूंच्या भरवशावर जागेवर राहतो. चेंडूभोवती चार स्नायूंची टेंडनं बाहीच्या कफसारखी गुंडाळलेली असतात, तोच रोटेटर कफ. त्यातलं वरचं, सुप्रास्पायनेटसचं टेंडन सर्वांत जास्त वेळा फाटतं. हात बाजूने उचलायला सुरुवात करताना तेच ओढलं जातं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

‘खांद्याचं ऑपरेशन’ या एकाच नावाखाली वेगवेगळी ऑपरेशनं येतात आणि त्यांचे नियम कधीकधी एकमेकांच्या अगदी उलट असतात:

- टेंडन शिवलं असेल, तर पहिले काही आठवडे त्या हाताने स्वतःच्या ताकदीवर काहीही उचलायचं नाही, अगदी तो हातसुद्धा नाही.
- खांदा वारंवार निखळत होता म्हणून खोबणीची कड पुन्हा बसवली असेल (बँकार्ट), तर चेंडू फेकतानाची पोझ, म्हणजे हात बाजूला वर आणि पंजा मागे, बराच काळ बंद.
- सांधा बदलला असेल, तर त्या हाताने खुर्चीवर रेटा देऊन उठायचं नाही आणि हात पाठीमागे न्यायचा नाही. बऱ्याचदा पुढचा स्नायू कापून परत शिवलेला असतो, म्हणून पंजा बाहेरच्या बाजूला किती फिरवायचा यावरही मर्यादा असते.
- फ्रोझन शोल्डर मोकळा केला असेल, तर सगळं उलटं. तिथे हात बांधून ठेवला की तो पुन्हा आखडतो. हालचाल पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होते.
- फक्त वरच्या हाडाची टोचणारी कड घासली असेल, तर स्लिंग साधारण काही दिवसांपुरतीच असते.

म्हणून ‘आमच्या ओळखीतल्या एकांचा हात तीन आठवड्यांत वर गेला’ असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा, त्यांचं काय केलं होतं? माझा स्वतःचा फटका इथेच बसला. तिसऱ्या आठवड्यात मी एका फिजिओथेरपी केंद्रात गेले. त्यांनी कागद मागितले नाहीत, मीही दाखवले नाहीत. पहिल्याच दिवशी भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायला लावला. त्या रात्री मला डोळा लागला नाही. सकाळी सर्जनना फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘टेंडन शिवलंय हे त्यांना माहीत होतं का?’ नशिबाने सोनोग्राफीत शिवण शाबूत निघाली. पण तेव्हापासून मी ऑपरेशनचा कागद पुढे ठेवल्याशिवाय कुणाला खांद्याला हात लावू दिला नाही.

२. कागद आणि सामान आधीच जमवा

कागद:

- डिस्चार्ज समरी आणि त्याहून महत्त्वाची ऑपरेशन नोट. दोन्ही वेगळ्या असतात. किती टेंडनं फाटली होती, फाट केवढी होती, किती अँकर (टेंडन हाडाला बांधायला हाडात बसवलेल्या छोट्या खुंट्या) घातले आणि बायसेप्सच्या, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूच्या, टेंडनला काही केलं का, हे ऑपरेशन नोटमध्ये सापडतं. ती आपणहून मिळत नाही, मागावी लागते.
- ऑपरेशनआधीचा एमआरआय आणि एक्स-रे, रिपोर्टसकट.
- सर्जनचा लेखी आठवडावार कार्यक्रम. छापील नसेल तर त्यांच्याकडून चार ओळी लिहून घ्या.
- चालू औषधांची यादी. मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ठळकपणे. मधुमेहात खांदा आखडण्याची शक्यता जास्त असते, हे फिजिओला माहीत असायला हवं.
- सांधा बदलला असेल तर इम्प्लांटचं कार्ड.

सामान: हातभर लांबीची हलकी काठी, टॉवेल, मऊ चेंडू, तीन भरीव उश्या, पुढून बटणं असलेले सैल शर्ट, इलॅस्टिकच्या पँट (नाडी एका हाताने बांधता येत नाही), आणि एक वही. दारावर अडकवायची पुली आणि रबरी पट्टे नंतर लागतात, आताच घ्यायची घाई नको.

सर्जनना विचारायचे प्रश्न, शक्यतो ऑपरेशनच्या आधीच: स्लिंग किती आठवडे, आणि रात्रीसुद्धा घालायची का? पंजा बाहेर किती अंशांपर्यंत फिरवायचा? स्वतःच्या ताकदीने हात उचलायला कोणत्या आठवड्यापासून परवानगी? कोपर वाकवलेलं चालेल का? हा शेवटचा प्रश्न बहुतेकजण विसरतात. बायसेप्सचं टेंडन नव्या जागी बसवलं असेल तर जोर लावून कोपर वाकवायलाही काही आठवडे बंदी असते.

आणखी एक, धूम्रपान करत असाल तर ते थांबवण्याची हीच वेळ. टेंडन हाडाला जुळण्यात ते थेट आडवं येतं.

३. पहिले दोन आठवडे: झोप, स्लिंग आणि बोटं

ऑपरेशनच्या वेळी मानेजवळ नस बधिर करणारं इंजेक्शन बहुधा देतात. त्यामुळे पहिला दिवस हात लाकडासारखा पडून असतो आणि दुखत काहीच नाही. आवाज जरा बसतो, त्या बाजूची पापणी थोडी खाली येते, हे घाबरण्यासारखं नसतं, औषध उतरलं की जातं. श्वास घ्यायला त्रास वाटला तर मात्र लगेच कळवा. सापळा वेगळाच आहे: दुखत नाही म्हणून लोक पहिली गोळी घेत नाहीत आणि मध्यरात्री इंजेक्शनचा असर एकदम ओसरतो. गोळ्या ठरल्या वेळी सुरू करा, दुखण्याची वाट पाहू नका.

झोप हा या दिवसांतला सगळ्यात मोठा प्रश्न. आडवं पडलं की खांदा ठणकतो. पाठीला उश्या लावून अर्धवट बसल्यासारखं झोपा आणि एक उशी कोपराच्या खाली आणि मागे ठेवा. कोपर शरीराच्या मागे घसरता कामा नये. ते घसरलं की खांद्याच्या पुढच्या बाजूला ओढ बसते आणि जाग येते. उशी नेमकी कुठे हवी ते सापडायला मला चार रात्री लागल्या. झोपून खाली पाहिलं तर स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे, ही त्याची सोपी खूण.

स्लिंग घातल्यावर आरशात पाहा. कोपर स्लिंगच्या मागच्या कोपऱ्यात घट्ट बसलेलं, मनगट कडेच्या आत, पंजा कोपरापेक्षा किंचित वर. पट्ट्याचा भार मानेच्या कडेला घेऊ नका, तिथे टॉवेलची घडी घाला. माझ्या स्लिंगला कमरेशी उशी होती, हात शरीरापासून जरा दूर ठेवणारी. ती अडचणीची वाटते म्हणून काढू नका, शिवणीवरचा ताण तीच कमी करते.

दिवसातून चार-पाच वेळा बोटं उघडा-मिटा, चेंडू दाबा, मनगट गोल फिरवा, परवानगी असेल तर कोपर सरळ करा. हे केलं नाही तर बोटं सुजतात आणि कोपर आखडतं. बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून १५ ते २० मिनिटं.

शर्ट घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना तो शेवटी. काख धुताना हात बाजूला उचलायचा नसतो. कमरेतून पुढे वाका, हात आपोआप खाली लोंबतो, मग काखेत ओलं फडकं सहज फिरवता येतं. टाके साधारण १० ते १४ दिवसांत निघतात, तोवर जखम कोरडी ठेवा.

४. सहा आठवड्यांपर्यंत: हात हलवायचा, पण हाताने नाही

या काळातला सगळा व्यायाम फिजिओच्या भाषेत ‘पॅसिव्ह’ असतो, म्हणजे हात हलतो पण त्या खांद्याचा स्नायू काम करत नाही. ऐकायला सोपं आहे, जमायला अवघड, कारण आपला हात सोडून द्यायची आपल्याला सवयच नसते. फाट मोठी असेल तर काही सर्जन सुरुवातीचे आठवडे हेही करू देत नाहीत. तुमच्या कागदावर जे असेल ते खरं.

पहिला व्यायाम लंबकाचा. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने तो आजही ओळखला जातो. टेबलावर चांगला हात टेकून कमरेतून वाका. दुसरा हात दोरीसारखा खाली सोडा. आता हात फिरवू नका. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्या, कंबर डोलवा, त्याने हात आपोआप झुलेल. मी पहिले पाच दिवस हाताने गोल काढत होते आणि आपण छान करतोय असं मला वाटत होतं. मग फिजिओने माझ्या खांद्यावर तळवा ठेवला आणि म्हणाली, ‘ताई, हा बघा, दगड झालाय.’ स्नायू पूर्ण आवळलेला होता. घरात कुणाला तरी असा तळवा ठेवायला सांगा. खालचा स्नायू मऊ लागला तरच तो व्यायाम पॅसिव्ह.

दुसरा टेबलावर सरकण्याचा. खुर्चीत बसून पंजा टॉवेलवर ठेवा आणि स्वतः पुढे वाका. हात ढकलायचा नाही, शरीर पुढे गेलं की तो आपसूक पुढे जातो. तिसरा काठीचा. पाठीवर झोपून कोपर कमरेशी, काठी दोन्ही हातांत, आणि चांगल्या हाताने ढकलून ऑपरेशनच्या हाताचा पंजा बाहेरच्या बाजूला, सांगितलेल्या अंशांपर्यंतच. दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी दहा. एकदाच तासभर करण्यापेक्षा तीन वेळा दहा मिनिटं केलेलं सांध्याला मानवतं.

आता या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात दुखणं एकदम उतरतं. हात हलका वाटतो. स्लिंग काढून टाकावीशी वाटते. दुखणं थांबलं म्हणजे टेंडन जुळलं, असं अजिबात नाही. दुखणं सूज उतरली की जातं, पण टेंडन हाडाला धरायला साधारण बारा आठवडे घेतं आणि त्यानंतरही कित्येक महिने ते घट्ट होत राहतं. मधल्या काळात सगळा भार दोऱ्यांवर आणि अँकरवर असतो. शिवण सुटण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक, आणि त्यातही आपण निर्धास्त होतो तेव्हा.

पाचव्या आठवड्यात मी स्लिंग न घालता बसले होते. टेबलाच्या कडेवरून फोन घसरला आणि झेलायला उजवा हात पुढे गेला. विचार करायला वेळच नव्हता. खांद्यात वीज चमकावी तशी कळ गेली आणि पुढचे तीन दिवस मी शिवण सुटली की काय या धास्तीत काढले. सुटली नव्हती. पण स्लिंग कशासाठी असते ते त्या दिवशी कळलं: व्यायाम आपण ठरवून करतो, झेलाझेली हात स्वतःच करून मोकळा होतो. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल, गर्दीत जायचं असेल, तर परवानगी मिळेपर्यंत स्लिंग काढू नका.

५. सहा ते बारा आठवडे: स्वतःच्या ताकदीने हात उचलणं

सर्जननी हिरवा कंदील दाखवला की स्लिंग जाते. त्या दिवशी हात लगेच वर जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. माझा छातीपर्यंतही गेला नाही आणि मी तिथेच रडले. सहा आठवडे न वापरलेला स्नायू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हात उचलण्याचा क्रम असा: आधी पाठीवर झोपून चांगल्या हाताच्या आधाराने, मग झोपूनच आधाराशिवाय, मग पाठीमागे उश्या लावून तिरकं बसून, आणि सगळ्यात शेवटी उभं राहून. झोपल्यावर हात एकदा सरळ छताच्या दिशेने उभा झाला की पुढे त्याचं वजन फारसं जाणवत नाही. उभ्याने तेच वजन पूर्ण उचलावं लागतं. लोक थेट उभ्याने सुरुवात करतात, हात जात नाही, मग खांदा कानाकडे उचकतात.

ती उचक हा दुसरा मोठा सापळा. हात डोक्यावर सरळ जातो तेव्हा साधारण १८० अंशांपैकी १२० अंश सांध्यातून आणि ६० अंश पाठीवरचा फरा फिरल्यामुळे मिळतात. सांधा आखडला असेल तर फरा आणि मान जास्तीचं काम ओढून घेतात. हात वर गेलेला दिसतो, पण मान आखडते आणि ती चुकीची सवय महिनोन्‌महिने जात नाही. आरशासमोर उभं राहा. खांदा कानाकडे सरकायला लागला की तिथेच थांबा, हात जिथे आहे तेवढीच आजची मर्यादा. मला कमी उंचीवर नीट उचललेला हात जास्त वर उचकलेल्या हातापेक्षा नेहमीच मोलाचा वाटत आला आहे.

पुली आणि भिंतीवर बोटांनी चढणं आता. हो, तेच, जे मला तिसऱ्या आठवड्यात करायला लावलं होतं.

६. तीन महिन्यांनंतर: ताकद

सर्वांत हलका रबरी पट्टा घ्या. काखेत टॉवेलची गुंडाळी धरून कोपर कमरेशी ठेवा आणि पंजा सावकाश बाहेर, सावकाश परत. परत येताना पट्टा झटकन सोडू नका, निम्मा व्यायाम परतीच्या वाटेवरच असतो. मग आतल्या बाजूला, मग दोन्ही कोपरं मागे ओढून फरे जवळ आणणं. पट्टा शेवटच्या दोन-तीन वेळांनाच जड वाटला पाहिजे. पहिल्यालाच दात आवळावे लागत असतील तर तो तुमच्यासाठी जास्त आहे.

पाठीमागे हात नेणं सगळ्यात उशिरा येतं. तो ओढूनताणून नेऊ नका. वजनदार काम आणि हात डोक्यावर लागणारे खेळ साधारण सहा महिन्यांनंतर, मोठी फाट असेल तर आणखी उशिरा.

७. दुखणं मोजायचं कसं

शून्य ते दहाच्या मापात व्यायाम करताना तीन-चारपर्यंत ओढल्यासारखं दुखणं चालतं. तासाभरात ते आधीच्या पातळीला आलं आणि रात्री झोपमोड झाली नाही, तर प्रमाण बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही ठणका राहिला तर दोन पावलं मागे या, बंद करू नका. बोचरी, सुरीसारखी कळ आली तर त्या दिवशी तो व्यायाम तिथेच थांबवा.

८. फिजिओ कसा ओळखायचा

जो ऑपरेशन नोट मागतो, पहिल्या दिवशी कोन मोजून लिहून ठेवतो आणि घरी काय करायचं ते तुमच्याकडून करून घेऊन दाखवतो, तो चांगला. जिथे दररोज अर्धा तास शेक आणि मशीन लावून ‘उद्या या’ म्हणतात, तिथे पैसे आणि आठवडे दोन्ही जातात. शेकाने बरं वाटतं हे खरं, पण हालचाल त्याने परत येत नाही. आठवड्यातून एक-दोन भेटी आणि बाकी सगळं घरी, हे मला पुरलं.

९. लगेच फोन कधी करायचा

- ताप, जखमेतून पाणी किंवा पू, आजूबाजूला वाढत जाणारी लाली.
- पोटरी किंवा हात एकाएकी सुजून दुखणं. त्यासोबत धाप किंवा छातीत दुखत असेल तर फोनवर थांबू नका, सरळ इमर्जन्सीत जा.
- इंजेक्शनचा असर गेल्यावरही बोटं बधिर, गार किंवा निळसर.
- ‘कट्’ असा आवाज आणि त्यानंतर कालपर्यंत उचलला जाणारा हात न उचलला जाणं.

१०. कामावर परत जाणं आणि वही

स्लिंगमध्ये असताना गाडी चालवायची नाही. नंतरही अचानक स्टिअरिंग वळवता येतं का ते उभ्या गाडीत बसून पाहा आणि सर्जनना विचारा. टेबलावरचं काम कोपराखाली आधार घेऊन लवकर सुरू होतं, ओझ्याचं काम कित्येक महिने नाही. त्यासाठी सर्जनकडून लेखी घ्या, ‘हलकं काम’ एवढंच नको, किती किलो आणि कुठल्या उंचीपर्यंत तेही लिहून घ्या.

वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: किती वेळा केलं, किती दुखलं, झोप कशी लागली. आठवड्यातून एकदा भिंतीपाशी त्याच जागी उभं राहून बोटं कुठपर्यंत पोचली तिथे पेन्सिलने खूण करा, शेजारी तारीख. माझ्या भिंतीवर दोन खुणा एकाच जागी आहेत, अकराव्या आणि बाराव्या आठवड्याच्या. तेराव्याची त्यांच्यापेक्षा चार बोटं वर आहे.